३७ टक्के एचसीएल १० मोलर नाही हो!
बारावी प्रॅक्टिकलच्या ग्रुपांवर फिरतंय की ३७% एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) म्हणजे १०० मिलीत ३७ ग्रॅम, म्हणून ते साधारण १० मोलर, म्हणजे लिटरमागे १० मोल. चूक आहे हे. बाटलीवरचे टक्के वजनाचे असतात, १०० ग्रॅम द्रावणात ३७ ग्रॅम, आणि त्याची घनता १.१९, म्हणजे एक लिटरचं वजन ११९० ग्रॅम, त्यात एचसीएल ४४० ग्रॅम, भागिले ३६.५ (एचसीएलच्या एका मोलचे ग्रॅम) केलं की १२ मोलरच्या वर जातं. म्हणून १ मोलर, १ लिटर करायला १० मोलरच्या हिशेबाने येणारे ९९ मिली नाही, ८३ मिलीच घ्या. आणि आधी फ्लास्कमध्ये निम्मं पाणी, मग हळूहळू ॲसिड, गार झाल्यावर फ्लास्कच्या १ लिटरच्या खुणेपर्यंत पाणी. ‘लिटरभर पाण्यात ८३ मिली’ असं नाही, मग एकूण लिटरच्या वर जातं ना!