तांदूळ दुकानात मिळतोच की!

गोव्यात भातशेतीच्या जमिनीवरून वाद सुरू झाला की हे वाक्य हमखास येतं. गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या ३९-अ कलमाखाली जमिनीचा झोन बदलण्याचं समर्थन करणारा माझा तिसवाडीचा मित्रही फोनवर हेच ऐकवतो. मी दुबईत राहतो. इथे सगळाच तांदूळ दुकानातून येतो.

२० जुलै २०२३ ला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. आठवड्याभरात इथल्या सरकारने तांदूळ देशाबाहेर पाठवायला चार महिन्यांची बंदी घातली. ऑगस्टमध्ये भारताने उकड्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क लावलं, म्हणजे तो खाणारे आम्ही गोंयकार, मंगळुरी आणि मल्याळी थेट कचाट्यात.

जगात पिकणाऱ्या तांदळातला जेमतेम दहावा हिस्सा सीमा ओलांडतो आणि त्यातला सुमारे ४० टक्के एकट्या भारताचा. दिल्लीने भाववाढीची धास्ती घेतली की मनिलापासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत भाव हलतात. २००८ मध्ये तर जगात पीक चांगलं असूनही, भारत आणि व्हिएतनामने हात आखडते घेतल्यावर भाव काही महिन्यांत जवळपास तिप्पट झाला होता. दुबईकडे पैसा आहे, बंदर आहे, वशिलाही आहे: सप्टेंबर २०२३ मध्ये भारताने खास परवानगीने अमिरातीला ७५ हजार टन तांदूळ देऊ केला. गरीब गिऱ्हाइकाला असा फोन फिरवता येत नाही.

पण खरं सांगायचं तर त्या बंदीचा गोव्याला फटका बसला नाही. गोवा बंद दाराच्या आतल्या बाजूला होता. झळ बसली ती निर्यातीवर जगणाऱ्या शेतकऱ्याला आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला. म्हणून 'गोवा तांदळात स्वयंपूर्ण' ही घोषणा मला पटत नाही. पोर्तुगीज काळातही तांदूळ बाहेरून यायचाच.

माझा मुद्दा खाजनाचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीचा आहे. बांध फुटला, मानस (पाणी आत-बाहेर सोडणारी झडप) मोडली की खारं पाणी आत शिरतं, मागोमाग खारफुटी, आणि मग ती तोडायला कायद्याची आडकाठी. खारं सोसणारं कोरगुट भातही तिथे उभं राहत नाही. दुबई तांदूळ विकत घेऊ शकते, खाजन नाही. गोव्याच्या २०२३ च्या कायद्याने भातशेती शेतकरी नसलेल्याला विकण्यावर निर्बंध आणले, चांगलं झालं. पण पडीक शेताला त्याचा काय उपयोग?

मित्राला विचारलं, तुमचा बांध कोण बघतं? म्हणाला, "कुळांची संघटना. पण तिची निवडणूकच झालेली नाही."