गॉटिंगेनचा बॉम्ब आणि आर्वी नाक्यावरचा वाद

वाद पेटला तो वर्ध्यात, आर्वी नाक्यावरच्या आमच्या पानठेल्यावर, पिंट्याच्या एका वाक्यावरून. "इतका अनुभवी माणूस मेला म्हणजे कुठंतरी चुकलाच असंन ना!"

विषय जर्मनीचा होता. जून 2025 मध्ये कोलोन शहरात दुसऱ्या महायुद्धातले तीन अमेरिकन बॉम्ब सापडले, वीस हजारांच्या आसपास लोकांना घराबाहेर काढलं आणि बॉम्ब सुखरूप निकामी झाले. त्यावरून आमच्या सुभेदारांना जर्मनीतलंच गॉटिंगेन शहर आठवलं. सुभेदार म्हणजे सैन्यात इंजिनिअर्समध्ये नोकरी केलेले, पुण्याला दापोडीच्या सीएमईत, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, सुरुंग आणि स्फोटकं शिकलेले. पानठेल्यावर ते एरवी फारसे बोलत नाहीत.

1 जून 2010. गॉटिंगेनमध्ये क्रीडा संकुलासाठी मैदान खणताना 500 किलोचा बॉम्ब सापडला होता. सात हजारांवर लोकांना हलवलं जात होतं. बॉम्ब निकामी करायला अजून तासभर होता, नुसती तयारी चालली होती, आणि तो फुटला. सरकारी बॉम्बनाशक पथकातले तिघं जागीच गेले. दोघं पन्नाशी ओलांडलेले, एक 38 वर्षांचा. काहीच दिवस आधी त्याच मैदानावर असाच दुसरा बॉम्ब बिनबोभाट निकामी झाला होता.

"तेच म्हणतो," मास्तर म्हणाले. "आधीचा जमला की माणूस निर्धास्त होतो. तीस वर्षं प्रयोगशाळेत पाहिलंय. ॲसिडनं भाजतो तो नवखा नसतो, सरावलेला असतो."

मास्तरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. सुभेदारांनीही मान डोलावली. म्हणाले, "तोफगोळ्याच्या बाबतीत खरं आहे, मास्तर. पण हा बॉम्ब वेगळा. याच्या शेपटीत काचेची कुपी असते, तिच्यात ॲसिटोन. बॉम्ब टाकला की कुपी फुटते, ॲसिटोन सेल्युलॉइडच्या चकत्या हळूहळू खातं. त्या चकत्यांनी स्प्रिंगवरची सुई अडवून धरलेली असते. चकती गेली की सुई सुटते. याला काही तास लागतात, कधी काही दिवस."

"एवढा उशीर काहून पण?" ठेलेवाले भाऊ चुना लावता लावता थांबले.

"हल्ला संपला की लोक बाहेर येतात. आग विझवतात, ढिगारे उपसतात. तेव्हा फुटावा म्हणून. आणि कोणी फ्यूज, म्हणजे बॉम्ब पेटवणारा हा शेपटीतला भाग, फिरवून काढायला गेला तर तेव्हाही फुटावा, अशीही सोय अनेकांत केलेली असते."

भाऊंनी पान तसंच हातात धरलं. मलाही हे नव्यानं कळत होतं, आणि मन सुन्न झालं. बॉम्बचा आराखडा करतानाच कोणीतरी मदतीला धावणाऱ्याचा विचार करून ठेवला होता. युद्धात तो मदतीला धावणारा वाचला, गॉटिंगेनचा बॉम्ब मऊ मातीत घुसून नाक वर करून पडला, ॲसिटोन चकत्यांपासून दूर ओघळलं. मग 65 वर्षं ते सेल्युलॉइड जमिनीखाली आपोआप जुनं होत राहिलं. त्याच्यात किती जीव उरलाय हे बाहेरून कुठल्या अनुभवी माणसाला कळणार?

मास्तर तरी मागे हटेनात. "काही हललं असेल, कुठं धक्का लागला असेल."

तेव्हा सुभेदारांनी दुसरं उदाहरण काढलं. जून 2019. जर्मनीतच लिम्बुर्गजवळ आलबाख गावात एका शेतात पहाटे स्फोट झाला. 10 मीटर रुंद, 4 मीटर खोल खड्डा. शेतात चिटपाखरू नव्हतं. जमिनीतला बॉम्ब आपल्या आपण फुटला होता. "आता सांगा, तिथं कोणाची चूक?"

पिंट्या गप्प झाला, पण भाऊ नाही. "बरं, चूक नाय. पण पगार तर घेत होते ना? आपल्या पुलगावच्या पोरांले काय मिळत होतं?"

इथं सगळेच थबकले. 20 नोव्हेंबर 2018, सोनेगाव आबाजीचं शिवार. लष्कराच्या पुलगाव दारूगोळा भांडाराच्या जुन्या स्फोटकांची विल्हेवाट लावायची होती. पेट्या उतरवताना स्फोट झाला, सहा जण गेले. त्यांतले बहुतेक आसपासच्या गावांतले, रोजंदारीवर आलेले मजूर. वर्ध्यापासून हे अंतर ते किती! गॉटिंगेनच्या तिघांकडे निदान वर्षानुवर्षांचं शिक्षण होतं, दुरून फ्यूज कापायचं यंत्र होतं. आपल्याकडे त्या पेट्यांना हात लावणारा माणूस शेतमजूर होता.

मला वाटतं, पिंट्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, तो चुकीच्या माणसांना विचारला गेला. गॉटिंगेनमध्ये जे गेले त्यांना "तुम्ही कुठे चुकलात" म्हणणं हा अन्याय आहे, कारण त्यांचं काम ज्या क्षणी सुरू होतं त्याच्या कितीतरी आधी चूक होऊन गेलेली असते. सोनेगावात मात्र तो विचारायलाच हवा. पेट्या उतरवायला कोणाला पाठवलं, काय शिकवून पाठवलं, हे मेलेल्यांना नाही, जिवंत माणसांना विचारायचं. हे मी बोलून दाखवलं. मास्तर म्हणाले, "दोन्हीकडे विचारावं, चौकशीशिवाय शहाणपण येत नाही." ते अजूनही त्यावर ठाम आहेत.

पिंट्यानं मग सुभेदारांना विचारलं, "मग त्या जर्मनीतल्या लोकांनी बॉम्ब तसेच ठेवावेत ना जमिनीत, काहून उकरतात?"

"ओरानियनबुर्गला विचार," सुभेदार म्हणाले. "बर्लिनच्या उत्तरेला आहे. मार्च 1945 मध्ये एका दुपारी चार हजारांवर बॉम्ब पडले तिथं, त्यांतले बरेचसे याच फ्यूजचे. माती मऊ. आजही तिथं पद्धतशीर शोधून काढतात. नाही काढले तर एखादा आलबाखसारखा फुटेल, फक्त शेतात नाही, कोणाच्या तरी स्वयंपाकघराखाली."