सम कुठे आहे हो?

शास्त्रीय गाणं ऐकायला जाणाऱ्या माणसाचे हाल काय असतात, ते बाहेरच्यांना आयतेच ठाऊक असतात. मांडी घालून पायाला मुंग्या येतात, डिसेंबरची थंडी कानात शिरते, पुढच्या रांगेतली शाल नेमकी मान उंचावते. हे सगळं चालतं हो. खरा त्रास सम हा आहे. सम म्हणजे तालाचं आवर्तन, त्याचा फेरा, जिथून पुन्हा सुरू होतो ती पहिली मात्रा.

समेला मान हलवावी लागते. असं कुठे लिहिलेलं नाही. पण सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात भारतीय बैठकीत बसलात आणि समेला तुमची मान जागची हलली नाही, की शेजारचे काका एकदा तुमच्याकडे बघतात. बोलत काही नाहीत. पुण्यात बोलावं लागत नाही. भीमसेनजींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला, तेव्हापासून ही नजर बहुधा पिढीजात चालत आली असावी. काकांच्या वडिलांनी माझ्या वडिलांकडे असंच बघितलं असणार.

आता तुम्ही म्हणाल, एकताल हा ताल बाराच मात्रांचा तर आहे, मोजा की! द्रुत, म्हणजे जलद लय असेल तर मोजतो. विलंबितात, संथ लयीत, एकेक मात्रा अशी ताणतात की एक आवर्तन पुरं व्हायला जवळजवळ मिनिट लागतं. एका ‘धिं’पासून दुसऱ्या ‘धिं’पर्यंत माझं मन घरी जाऊन गॅस बंद आहे का ते बघून येतं. बरं, ठेकाही, म्हणजे तबल्यावरच्या बोलांचा क्रमही, सरळ नाही. धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, कत ता, धागे तिरकिट, धिं ना. घोळ लक्षात आला का? ‘धागे तिरकिट’ दोनदा येतं. दुसऱ्यानंतर ‘धिं ना’ आणि लगेच सम. पहिल्यानंतर ‘तू ना’, आणि सम अजून लांब कुठेतरी. मी तिरकिट ऐकलं की सरसावून बसतो, मान खाली यायला लागते, आणि तबल्यातून ‘तू’ येतो. शिवाजीनगर समजून खडकीला उतरल्यासारखं होतं. अर्ध्यात आलेल्या मानेचं काय करायचं? मी ती तशीच पुढे नेऊन पिशवीत काहीतरी शोधतो. माझ्या पिशवीत काही नसतं. पण काकांना वाटतं, हा माणूस फार औषधं घेतो.

चेन्नईवाले या बाबतीत सुखी. तिथे डिसेंबरातल्या मार्गळीच्या संगीत हंगामात श्रोते उघडउघड मांडीवर ताल धरतात. टाळी, मग करंगळीपासून एकेक बोट, मग पालथा हात. आजीबाईसुद्धा. आपल्याकडे सगळा भार एकट्या मानेवर.

एका जाणकाराने युक्ती सांगितली की बोटांची पेरं मोज. चार बोटं, प्रत्येकी तीन पेरं, बरोबर बारा. ऐकायला झकास. पण गायिकेने मंद्रातून, खालच्या सुरांतून, वर येताना एखादी अशी जागा घेतली की अंगठा अनामिकेवरच विसावतो आणि तोंडातून ‘अहाहा’ निघतं. भानावर येऊन बघतो तो पेरं गेलेली, सम गेलेली, काका बघताहेत. मोजलं तर गाणं हुकतं आणि गाणं ऐकलं तर हिशोब बुडतो.

म्हणून मी तबल्याच्या क्लासला गेलो. वर्गात माझ्या बरोबरीचे विद्यार्थी तिसरी-चौथीतले. त्यांना गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा द्यायची होती आणि मला मान हलवायची होती. सर म्हणायचे, ‘‘काका, आधी तोंडाने म्हणा, मग हाताने टाळी आणि ‘खाली’, म्हणजे रिकामी जागा, दाखवा, वाजवायची घाई नको.’’ तोंडाने मी उत्तम म्हणायचो. हात दाखवायला लागले की तोंड बंद पडायचं. शेजारची चिमुरडी डब्यातला लाडू खात खात दोन्ही करायची. घरी रियाजाचं वेगळंच. पावसाळ्यात पुडी, म्हणजे तबल्यावरचं चामडं, सैल होऊन उतरते, मग हातोडी घेऊन बाजूचे लाकडी गठ्ठे ठोका, वर पावडर लावा, तोवर उत्साहही उतरलेला. एकदा खालच्या मजल्यावरच्या आजी वर येऊन म्हणाल्या, ‘‘फर्निचरचं काम अजून किती दिवस आहे?’’ ‘‘पाऊस संपेपर्यंत,’’ असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं.

नव्या ध्वनिमुद्रणांत मात्र मी वाघ आहे. आवडत्या गायकाची नवी बंदिश आली की फोन टुणकन वाजतो, आणि दात घासण्याआधी मी ती ऐकलेली असते. हल्ली सगळं तीनचार मिनिटांचं असतं. जुनी मंडळी नाकं मुरडतात, पण अब्दुल करीम खाँसाहेबांनी तरी तव्याच्या, जुन्या तबकडीच्या, एका बाजूला आणखी किती वेळ मागितला होता? तेवढ्यात त्यांनी जीव ओतला. शिवाय ध्वनिमुद्रण पुन्हा लावता येतं. दहाव्या खेपेला माझी मान समेवर अशी पडते की कुणी बघायला हवं होतं. मैफलीत गायकाला ‘जरा मागे घ्या’ म्हणता येत नाही.

घरात बायको या शास्त्रातलं ओ की ठो शिकलेली नाही. सवाईला ती मुख्यतः स्टॉलवरच्या बटाटेवड्यासाठी येते. पण वडा खाता खाता, तोंड तिसरीकडे, तिची मान समेवर पडते. दर आवर्तनाला. शेवटी मी चिडून विचारलंच, कसं कळतं तुला? ‘‘त्यात काय कळायचंय? तो मुखड्याकडे, त्या फिरून फिरून येणाऱ्या ओळीकडे, यायला लागला की सम येणारच ना. तू गाणाऱ्याकडे बघतच नाहीस, सारखा तबलजीच्या हाताकडे बघतोस.’’ आणि वर, ‘‘चटणी संपली.’’

तेव्हापासून आम्ही वेगळे बसतो. ती काकांशेजारी. काका तिला दाद देतात.

माझाही एक क्षण असतो म्हणा. महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने होते, भैरवीतल्या ठुमरीने. ती मी घरी इतकी ऐकली आहे की शेवटाला माझी प्रत्येक सम अचूक, मान झोकात. फक्त तोवर आजूबाजूचे चपला शोधत असतात, आणि काका वाकून शालीखाली हरवलेला मोबाईल चाचपडत असतात.