कौलावर छापलेलं साल

घर वारसा यादीत आहे आणि त्याच्या बांधणीचा इतिहास लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? घाबरू नका, चहाच्या वेळेपर्यंत उरकेल.

आधी घराचं वय. खोताचीवाडीत किंवा गिरगावातल्या कुठल्याही जुन्या घराच्या मागे जा, एखादं मंगलोरी कौल पडलेलं असतंच. उलटं करा. उठावाच्या अक्षरांत कौलं बनवणाऱ्या बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनचं नाव आणि १८६५. झालं, घर १८६५ चं! ते साल मंगळुरात कारखाना निघाला त्याचं, पुढे कैक वर्षं तेच छापत राहिले, असं कुणी म्हणालं तर "नोंद घेतो" म्हणावं. मीही एकदा असंच साल ठोकलं होतं. मागच्या खोलीतल्या आजी म्हणाल्या, "अरे, ही कौलं आमच्या ह्यांनी पाडलेल्या चाळीतनं आणली. हातगाडीवरून, दोन खेपांत." तोवर अहवाल टाइप झाला होता. तेव्हा आजींशी बोलायचंच तर ते शेवटी.

शैलीच्या रकान्यात 'पोर्तुगीज' लिहा. बाहेरून चढणारा लाकडी जिना, पुढे व्हरांडा, एवढं पुरे. वाडीला नाव पाठारे प्रभू खोतावरून पडलं आणि राहायला ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मराठी बोलणारे ख्रिस्ती, हे सांगत बसलं की वाक्य उगाच लांबतं.

नकाशांच्या नादी तर मुळीच लागू नका. कर्नल लॉटन यांनी केलेल्या मुंबईच्या पाहणीचे, १८७२ पर्यंत पुरे झालेले नकाशे आहेत. त्यात तुमच्या घराच्या जागी नारळाची झाडं निघाली, तर १८६५ चं काय करणार? काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं दफ्तर आहे, त्याचा जिना बाहेरून छान दिसतो. फोटो काढा, पुढे चला.

माळ्यावरही चढू नये. वाशांना जुन्या खाचा दिसतात, एका तुळईला निळा रंग, शेजारची कोरी, म्हणजे लाकूड दुसरीकडून आलेलं. मग प्रश्न पडतात, आणि प्रश्नांना रकाना नाही.

घराची दुरुस्ती का झाली नाही, याला 'काळाच्या ओघात' हे उत्तर अगदी चपखल. १९४७ चा भाडे कायदा, १ सप्टेंबर १९४० ला होतं तेच प्रमाण, म्हणजे कायद्याने गोठवलेलं भाडं, त्यात मालक कौल बदलणार कसा आणि भाडेकरू घर सोडणार कशाला, हा सगळा हिशेब आजींच्या ट्रंकेत भाडेपावत्यांच्या गठ्ठ्यात बांधून ठेवलाय. गाठ सुटत नाही. ओढू नका.

१९९५ च्या वारसा नियमांत एकूण तीन श्रेणी आहेत, दुसरीचे पुन्हा अ आणि ब. तुमचं घर कितव्या श्रेणीत आहे ते मालकाला विचारू नका, चहा मिळणार नाही.

शेवटी '१८६५' लिहिलेला फलक. तो समोरच्या भिंतीवर लावू नका. ती भिंत नाही, गॅलरी बंद केली तेव्हाचं प्लायवूड आहे. खिळा धरत नाही.