अनुभव आणायचा कुठून?

"अनुभव किती वर्षांचा?" हा प्रश्न गेल्या आठ महिन्यांत मी इतक्यांदा ऐकला आहे की आता मुलाखतीच्या खोलीत शिरण्याआधीच छातीत धडधडू लागते. चार वर्षे बी.एस्सी. नर्सिंग केले, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत रीतसर नोंदणी केली, आणि तरीही राजापूरहून पहाटेची एसटी पकडून रत्नागिरी गाठायची, दोन तास बाकड्यावर बसायचे आणि शेवटी "कळवतो" एवढेच ऐकून परत फिरायचे, हे काही थांबत नाही. पहिली संधीच कोणी देणार नसेल, तर अनुभव मी आणायचा कुठून? एका ठिकाणी तर सहा महिने बिनपगारी काम करायला सांगितले!

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 हे वर्ष परिचारिका आणि सुईणींचे म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी, कोविडच्या काळात, रात्रंदिवस राबणाऱ्या परिचारिकांना पाहून मी हा मार्ग धरला. तो चुकला का, हा विचार आता रोज रात्री छळतो.

प्रशिक्षणात एका कोळीण आजींची शीर कोणालाच सापडत नव्हती. मी त्यांचा हात कोमट पाण्याच्या टॉवेलात थोडा वेळ गुंडाळून ठेवला आणि सुई पहिल्याच प्रयत्नात बसली. "बाय, हात हलको हा गो तुझो," असे त्या म्हणाल्या होत्या. हा अनुभव कोणत्या रकान्यात लिहायचा?

परवा चिपळूणला पुन्हा मुलाखत आहे. मी सांगण्याआधीच आईने पांढरा गणवेश इस्त्री करून ठेवला आहे, आणि मला तिच्याकडे बघवत नाही.