ठिपका बघून ‘टाइप’ ठरत नसतो

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड तीनदा येऊन गेला. वर ‘विचार करा!’ आणि खाली चार मुद्दे. आकाशगंगेत १६०४ नंतर कुणी डोळ्यांनी सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, पाहिला नाही, पण शास्त्रज्ञ म्हणे दरवर्षी हजारो शोधतात. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरच्या ठिपक्यावरून स्फोटाचा ‘टाइप’ सांगणं म्हणजे कुडमुडं ज्योतिष. हे लोक स्वतःच नंतर टाइप बदलतात. आणि परदेशातल्या अवाढव्य दुर्बिणींशिवाय कुणाला हे तपासता येत नाही, म्हणून खपून जातं. शेजारच्या काकांनी खाली लिहिलं, ‘तू वांगणीला आकाश बघत रात्र रात्र जागतोस ना? मग बोल.’ बोलतो.

१६०४ खरं आहे. केप्लरनं अभ्यासलेला तो शेवटचा. आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकेत (ताऱ्यांच्या प्रचंड समूहात) शतकात साधारण एक-दोन तारे फुटतात, आणि त्यातलेही काही धुळीआड जातात. पण मग शतकाला एक धरा आणि ३६,५०० दीर्घिकांवर नजर ठेवा. रोज एक होतो. तिसरीतला गुणाकार आहे. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकीनं १९३६ पासून अमेरिकेतल्या पालोमारच्या डोंगरावर अवघ्या १८ इंची दुर्बिणीनं हेच केलं आणि आयुष्यभरात शंभरावर सुपरनोव्हा शोधले. आज त्याच डोंगरावरचा झेडटीएफ कॅमेरा दर दोन-तीन रात्रींत उत्तरेकडचं आकाश पुन्हा पुन्हा टिपतो. नव्या फोटोतून जुना वजा करायचा, उरेल ते बघायचं. ८:१२ च्या डब्यात रोज तेच चेहरे असतात, नवा माणूस चढला की सगळ्यांच्या लगेच लक्षात येतं, तसंच.

नवा चेहरा म्हणजे लगेच सुपरनोव्हा नव्हे, हे मात्र फॉरवर्डवाल्याला ठाऊक नसावं. तो लघुग्रह असू शकतो, म्हणून थोड्या वेळानं दुसरा फोटो घेतात. सरकला तर बाद. उजेड कमीजास्त होणारा चंचल तारा असू शकतो, दीर्घिकेच्या गाभ्यातल्या कृष्णविवराची लुकलुक असू शकते, नुसता कॅमेऱ्यावर आदळलेला वैश्विक किरण असू शकतो. म्हणून जागतिक नोंदवहीत अशा ठिपक्याला आधी ‘एटी’ लागतं, म्हणजे नुसतं ‘काहीतरी क्षणिक’. ‘एसएन’, म्हणजे सुपरनोव्हा, ही पदवी वर्णपट (प्रकाश फाकवून मिळणारा रंगांचा पट्टा) घेतल्यावरच. १९ मे २०२३ ला जपानच्या कोइची इतागाकींना एम १०१ दीर्घिकेत सापडलेल्या ताऱ्याचं नाव एसएन २०२३आयएक्सएफ. अक्षरं क्रमानं दिली जातात, त्यामुळे हिशेब मांडला तर ती त्या वर्षातली ६,७१४वी नोंद निघते. मे महिन्यात! त्यातल्या थोड्यांनाच ‘एसएन’ मिळतं.

आता तो ‘टाइप’. इथे फॉरवर्ड सर्वांत जास्त आत्मविश्वासानं चुकतो. टाइप ठिपक्याच्या दिसण्यावरून ठरत नाही. त्याचा प्रकाश फाकवून ठरतो. त्या पट्ट्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा आपापल्या ठरलेल्या जागी उमटतात. १९४१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मिंकोव्स्कीनं केलेली वाटणी अजून चालते: हायड्रोजनच्या रेषा असतील तर टाइप दोन, नसतील तर टाइप एक. हायड्रोजन नाही पण सिलिकॉनची ठळक शोषणरेषा आहे, तर एक-ए, म्हणजे श्वेत बटूचा (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या घट्ट गाभ्याचा) स्फोट. सिलिकॉन तसा नाही पण हेलियम आहे, तर एक-बी. दोन्ही नाहीत, तर एक-सी.

त्या सिलिकॉनच्या रेषेतच मजा आहे. तिची प्रयोगशाळेतली जागा ६३५.५ नॅनोमीटर. एक-ए मध्ये, दीर्घिकेच्या दूर जाण्याचा परिणाम काढून टाकल्यावरही, ती ६१५ च्या आसपास सापडते. स्टेशनात न थांबणाऱ्या फास्ट लोकलचा भोंगा जवळ येताना चढा ऐकू येतो, तसंच हे रेषेचं सरकणं. रेषा जितकी सरकली त्याला मूळ जागेनं भागलं आणि प्रकाशाच्या वेगानं गुणलं की वेग येतो सेकंदाला जवळजवळ १०,००० किलोमीटर. म्हणजे आपल्या बाजूचा थर त्या वेगानं आपल्याकडे फेकला गेलाय. पत्रिकेतून असा आकडा काढून दाखवा, मी वर्गणी देईन.

शिवाय हे पडताळून झालंय. टाइप दोनमध्ये भारी ताऱ्याचा गाभा कोसळत असेल तर प्रकाशाच्या आधी न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ कशानंही न अडणारे सूक्ष्म कण, यायला हवेत. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलनी मेघातल्या स्फोटाच्या वेळी जपान आणि अमेरिकेतल्या जमिनीखालच्या टाक्यांनी ते टिपले, ताऱ्याचा उजेड वाढल्याचं दिसण्यापूर्वी काही तास. एक-ए चा उजेड निकेलपासून कोबाल्ट आणि कोबाल्टपासून लोखंड होताना मिळतो, असं गणित होतं. एसएन २०१४जे मधून त्या कोबाल्टचेच गॅमा किरण इंटिग्रल उपग्रहाला मिळाले.

टाइप बदलतात, हेही खरं. एसएन १९९३जे हा स्फोट आधी टाइप दोन वाटला, काही आठवड्यांत हायड्रोजन ओसरला आणि हेलियम वर आला. ताऱ्यावर हायड्रोजनचं पातळ पांघरूणच उरलं होतं. त्याला दोन-बी म्हणतात. एसएन २००९आयपी तर चक्क तोतया निघाला: तारा तेव्हा मेलाच नव्हता, नुसता उसळला होता. हे सगळं जाहीर छापलेलं आहे, त्यामुळेच तर फॉरवर्डवाल्याला कळलं!

चौथा मुद्दा थोडक्यात. २०१४जे लंडन शहराच्या हद्दीत, ढग दाटून येत असताना, ३५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर विद्यार्थ्यांना कॅमेरा शिकवताना सापडला. २०१६ मध्ये अर्जेंटिनातल्या रोसारिओत किल्ल्या-कुलपांचं काम करणाऱ्या व्हिक्तोर बुसोंनी नवा कॅमेरा तपासताना घराच्या गच्चीवरून एका स्फोटाची पहिली उसळी टिपली. आणि लडाखच्या हान्लेला ७० सेंटिमीटरची जी स्वयंचलित ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे, ती चालवण्यात बंगळूरच्या खगोलभौतिकी संस्थेबरोबर आपल्या पवईची आयआयटी आहे. मुलुंडहून रिक्षानं जाता येईल इतकं जवळ, काका.

राहिलं तपासणं. ती नोंदवही कुणालाही उघडून वाचता येते. आज एखादं ‘एटी’ निवडा आणि महिन्यानं पुन्हा बघा. बहुतेक ते ‘एटी’च राहिलेलं असेल, कारण कुणाला त्याचा वर्णपट घ्यायला दुर्बिणीचा वेळच मिळालेला नसेल.