डोकं ठिकाणावर असताना निवृत्ती घेऊ नये

तर तुमचं वय चोवीस, मान डोक्यापेक्षा रुंद, एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या नावाजलेल्या संघाशी चार वर्षांचा करार, आणि तुम्हाला निवृत्त व्हायचंय. कारण विचारलं तर म्हणता, डोक्याची काळजी वाटते. बसा. पाणी घ्या. ज्यांनी आयुष्यात एकही टॅकल केलेला नाही अशा आम्हा वडीलधाऱ्यांचं जरा ऐका, मग काय ते ठरवा.

(मेस्सीच्या चाहत्यांनी गैरसमज करून घेऊ नये. हा अमेरिकेतला फुटबॉल. यात चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळायचं असतं आणि पळणाऱ्याला शंभर-सव्वाशे किलोची माणसं आडवी पाडतात. या आडवं पाडण्यालाच टॅकल म्हणतात. पाय लागतो, पण बहुतेक वेळा दुसऱ्याचा.)

शिर सलामत तर पगड्या पन्नास, ही म्हण कुणा भित्र्या माणसानं केली असावी. एनएफएलमध्ये हिशेब वेगळा आहे. तिथे पगडी सलामत राहील याची चोख व्यवस्था असते. आतल्या मालाचं म्हणाल, तर एसटीत पाटी असते तसं: सामानाची जबाबदारी ज्याची त्याच्यावर.

तुमची पहिली चूक म्हणजे तुम्ही वाचन केलंत. क्रिस बोरलँड नावाच्या पोरानं हेच केलं होतं. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघानं त्याला २०१४ मध्ये घेतलं आणि पहिल्याच मोसमात गड्यानं शंभरावर टॅकल्स केले. त्याआधी सराव शिबिरात डोक्याला एक सणसणीत दणका बसला होता, पण संघात जागा पक्की व्हायची होती, म्हणून तो चकार शब्द न काढता खेळत राहिला. इथवर मुलगा गुणी होता. मग त्याला शोधनिबंध वाचायची अवदसा आठवली. तो संशोधकांशी बोलला, आधीच्या पिढीतल्या खेळाडूंचं पुढे काय झालं ते त्यानं पाहिलं, आणि मार्च २०१५ मध्ये, चोविसाव्या वर्षी, हातीपायी धड असताना खेळ सोडला. वर कहर म्हणजे, साइनिंग बोनसचे, म्हणजे करारावर सही केल्याबद्दलचे, सहा लाख सतरा हजार डॉलर मिळाले होते, त्यातला तीन चतुर्थांश भाग परत करायची तयारी दाखवली, कारण चारपैकी तीन वर्षं तो खेळणार नव्हता. मिळालेले पैसे परत! अशा माणसाच्या डोक्यावर आधीच परिणाम झालाय, अशी शंका कुणालाही यावी. लीगलाही आली की काय कोण जाणे. खेळ सोडल्यावर त्याला ड्रग टेस्ट द्यायला सांगण्यात आलं. नियमात बसतं म्हणे. वीस वर्षं डोकं आपटून घेणाऱ्याला शुद्धीवर समजायचं आणि एका वर्षात थांबणाऱ्याची लघवी तपासायची, हा नियम ज्यानं केला त्याच्या दूरदृष्टीला नमस्कार.

बोरलँडनं खेळ सोडला तेव्हा लीगच्या अधिकाऱ्यानं सांगितलं की कुठल्याही मापानं मोजा, फुटबॉल आजच्याइतका सुरक्षित कधीच नव्हता. हे वाक्य पाठ करा. ते दरवर्षी खरं असतं.

आता डॉक्टरांचं. शंका आलीच, तर नको त्या डॉक्टरकडे जाऊ नका. या बाबतीत लीगचा आदर्श समोर ठेवा. १९९४ मध्ये मेंदूच्या दुखापतींबद्दल फारच ओरड होऊ लागली. तेव्हाचे कमिशनर पॉल टॅग्लियाब्यू यांचं निदान असं की हा पत्रकारांनी मेंढरांसारखं एकामागून एक लिहिण्याचा प्रश्न आहे. (पुढे, २०१७ मध्ये, त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. तेवीस वर्षं म्हणजे काही फार नाहीत.) तरीही लोकलाजेस्तव मेंदूच्या माराचा अभ्यास करायला समिती नेमली आणि अध्यक्षपदी बसवले डॉ. एलियट पेलमन. ते संधिवाताचे तज्ज्ञ होते. हसू नका. गुडघेदुखीच्या माणसाकडे डोकं दाखवायला नेलं की तो फार तर मान हलते का बघतो आणि मैदानात परत पाठवतो. खेळाडूला तेच हवं असतं, प्रशिक्षकाला तेच हवं असतं, टीव्हीवाल्यांना तर हवंच असतं.

उलट पिट्सबर्गला बेनेट ओमालू नावाचे एक डॉक्टर होते, नायजेरियात जन्मलेले, फुटबॉलचं ओ की ठो न कळणारे. त्यांच्या टेबलावर २००२ मध्ये माइक वेबस्टरचा मृतदेह आला. वेबस्टर म्हणजे पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा सेंटर, चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकलेला, हॉल ऑफ फेममधला माणूस. शेवटच्या वर्षांत त्याला घराचा पत्ता राहिला नव्हता, कधी स्वतःच्या पिकअप ट्रकमध्ये झोपायचा. पन्नासाव्या वर्षी गेला. ओमालूंनी त्याच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर जागोजागी टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत पूर्वीपासून आढळणारं, डोक्याला वारंवार मार बसून मेंदू हळूहळू निकामी करणारं दुखणं, सीटीई. कवटीच्या आत मेंदू जेलीसारखा मोकळा असतो, हेल्मेट कवटीला वाचवतं, आत मेंदूला बसणारा हिसका ते थांबवू शकत नाही. आणि भोवळ आणणारा एखादा मोठा दणकाच लागतो असं नाही, दर डावाला समोरच्याशी होणाऱ्या छोट्या छोट्या धडका वर्षानुवर्षं साचत जातात. ओमालूंनी हे २००५ मध्ये छापलं. लीगच्या समितीच्या डॉक्टरांनी पत्र धाडलं: निबंध मागे घ्या.

आणि गंमत ऐका. त्याच्या काही वर्षं आधी, १९९९ मध्ये, खेळाडूंच्या निवृत्तिवेतन मंडळानं, ज्यात संघमालकांचेही प्रतिनिधी बसतात, वेबस्टरचं अपंगत्व फुटबॉलमधल्या डोक्याच्या मारामुळेच आलं असं मान्य करून त्याला पैसे मंजूर केले होते. म्हणजे डावा हात मुकाट्यानं चेक लिहीत होता आणि उजवा हात जाहीरपणे पुरावा मागत होता. एवढा समतोल राखायचा तर मेंदू शाबूत लागतो. मालकांचा असतो.

तुमच्यापैकी कुणाला गणिताची आवड असेल तर ती आधी सोडा. जॉन अर्शेलनं सोडली नाही. बाल्टिमोर रेव्हन्सचा हा गार्ड खेळता खेळता एमआयटीत गणितात पीएचडी करत होता. ऑगस्ट २०१५ मध्ये सरावात डोक्याला मार बसला. तीनेक आठवड्यांत तो फुटबॉलसाठी तंदुरुस्त झाला, पण गणितासाठी व्हायला त्याहून जास्त दिवस लागले, असं त्यानं स्वतःच सांगितलंय. या दोन मुदतींमधला जो फरक, तेवढ्यात एनएफएलचा अख्खा वैद्यकीय विभाग मावतो. जुलै २०१७ मध्ये, सव्विसाव्या वर्षी त्यानं खेळ सोडला. पूर्णवेळ अभ्यास करायचाय, घरी छोटा पाहुणा यायचाय, अशी कारणं दिली. आज तो एमआयटीत शिकवतो. केवढा ऱ्हास! रविवारी सत्तर हजार लोकांपुढे आपटायचं सोडून फळ्यासमोर उभं राहायचं.

अर्शेलच्या निवृत्तीच्या दोनच दिवस आधी बोस्टन विद्यापीठाच्या डॉ. अॅन मॅकी आणि सहकाऱ्यांचा निबंध आला होता. एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० जणांत सीटीई. यावर लीगच्या हितचिंतकांचा आक्षेप अगदी रास्त आहे, बरं का: ज्यांना जिवंतपणी त्रास होता त्यांच्याच घरच्यांनी मेंदू दिले, तेव्हा हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येणार नाही. हे संशोधकांनी स्वतःच निबंधात लिहून ठेवलंय, पण आपण शोध लावल्यासारखं सांगावं. आणि तरीही भीती वाटलीच, तर लक्षात ठेवा, १११ मधला एक जण ठणठणीत होता. तो तुम्हीच. सीटीईचं पक्कं निदान मेल्यावरच होतं, तेव्हा तोवर तुम्ही तो नाही हे कोण सिद्ध करणार?

आदर्शच हवा असेल तर तेव्हा मायामीकडून खेळणाऱ्या टुआ टॅगोवायलोआचा घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये एका सामन्यात मार खाऊन उठला आणि लटपटला. पाठ दुखतेय असं जाहीर झालं आणि त्याच सामन्यात तो परत खेळला. चार दिवसांनी सिनसिनाटीला पुन्हा आपटला, तेव्हा बोटं चेहऱ्यासमोर वाकडीतिकडी ताठरली आणि स्ट्रेचर आणावं लागलं. देशानं टीव्हीवर पाहिलं, हळहळला, आणि चॅनल बदललं नाही. त्यानंतर त्यानं निवृत्तीचा विचार केला, घरच्यांशी बोलला, आणि मग काय केलं? पडावं कसं हे शिकायला जुजुत्सूचा क्लास लावला. याला म्हणतात वृत्ती! २०२४ मध्ये त्याला २१ कोटी डॉलरहून मोठा करार मिळाला आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा डोक्याला मार. ऑक्टोबर संपायच्या आत गडी मैदानात.

लीग काही करत नाही, असं मात्र म्हणू नका. मैदानालगत निळा तंबू आहे, त्यात डोकं तपासतात. हेल्मेटवर चढवायची फोमची टोपी आहे, २०२४ पासून सामन्यातही चालते. घालतात मोजकेच, कारण तिच्यात माणूस बावळट दिसतो आणि मेंदूपेक्षा फोटो लवकर छापून येतो. पूर्वी डोक्यात घंटा वाजली की अमोनियाची कुपी हुंगून परत जायचं असा प्रघात होता. २०२५ मध्ये लीगनं संघांना या कुप्या पुरवायला मनाई केली, कारण त्यामुळे मेंदूला लागलेल्या माराची लक्षणं झाकली जाऊ शकतात. खेळाडूनं आपली आपण आणली तर चालेल. कडक बंदोबस्त म्हणतात तो हा.

आणि सोडून करणार काय? घरी बसणार? कमिशनर रॉजर गुडेल यांनी २०१६ मध्ये सुपर बोलच्या आठवड्यात सांगून ठेवलंय की आयुष्यात धोका असतोच, सोफ्यावर बसण्यातही असतो. न्यू जर्सीतली आपली मराठी मंडळी रविवार दुपारपासून रात्रीपर्यंत सोफ्यावर हा धोका पत्करून सामने बघतात आणि मुलांना मात्र मॅथ ऑलिंपियाडला पाठवतात. त्यांच्या शौर्याची दखल अजून कुणी घेतलेली नाही.

आता पैशांचं बोलू, कारण शेवटी कुटुंबाकडे बघायचं असतं. तुम्हाला कुणीतरी सांगेल की काही झालंच तर लीगनं माजी खेळाडूंशी तडजोड केलीय, एक अब्ज डॉलरहून जास्त वाटलेत. खरं आहे. फक्त ती ७ जुलै २०१४ पूर्वी निवृत्त झालेल्यांसाठी आहे. तुम्ही तेव्हा शाळेत होतात, ही चूक तुमची. ज्यांनी तारीख गाठली त्यांचंही सगळं बयाजवार आहे. मृत्यूनंतर सीटीई आढळल्यास चाळीस लाख डॉलरपर्यंत भरपाई. अट एवढीच की मृत्यू २२ एप्रिल २०१५ पूर्वी आलेला असावा. त्यानंतर मेलेल्यांनी वेळेचं भान राखलं नाही. जिवंत माणसाला स्मृतिभ्रंश झाला तर आधी सिद्ध करा की तुमची बुद्धी घसरली. आणि खेळाडू कृष्णवर्णीय असेल, लीगमध्ये बहुतेक तेच आहेत, तर मुळातच त्याची बुद्धी कमी होती असं धरून गुण मोजले जायचे. म्हणजे घसरण दिसायला त्याला गोऱ्या खेळाडूपेक्षा जास्त खाली यावं लागे. शास्त्रीय पद्धत होती, तिला नाव होतं, कोष्टकं होती. दोन माजी खेळाडू कोर्टात गेले, बोभाटा झाला, तेव्हा कुठे २०२१ मध्ये लीगनं ती सोडायचं कबूल केलं. आदल्या वर्षांत नामंजूर झालेल्यांचे कागद पुन्हा तपासले गेले. आपल्याला काय विसरायला होतं याची यादी ज्यांना लक्षात ठेवता आली, त्यांचे.

तुमची खुर्ची अजून सरकत नाही असं दिसतंय. जायचंच म्हणता? मग निदान रीतीनं जा. बोरलँडनं राजीनामा दिला त्याच महिन्यात, त्याच्या आठवडाभर आधी, त्याच संघाच्या त्याच जागेवरचा पॅट्रिक विलिस निवृत्त झाला होता. तिसाव्या वर्षी. पाय साथ देत नाहीत म्हणाला. लोकांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या. खेळाच्या भवितव्यावर एकही चर्चासत्र झालं नाही, कुणाला कुठलंही पत्रक काढावं लागलं नाही. तेव्हा पत्रकार परिषदेत तुम्हीही पायच सांगा. कुणी खोदून विचारलं, पुरावा मागितला, तरी घाबरू नका. पायाचा एमआरआय माणूस जिवंत असतानाही निघतो.